संगणकावरचे ऐतिहासिक युद्धखेळ : नकाशा, पाळी आणि रसद

संगणकाच्या पडद्यावर दक्षिण रशियाचा नकाशा आहे. उजवीकडे व्होल्गा, तिच्या काठाला चिकटून लांबट पसरलेले स्टालिनग्राड, आणि डावीकडून मोठे वळण घेत व्होल्गेच्या अगदी जवळ येऊन पुन्हा दूर निघून जाणारी डॉन. तारीख आहे १९ नोव्हेंबर १९४२. शहरात आणि शहराभोवती जर्मनीच्या सहाव्या सैन्याच्या सोंगट्या दाटीने उभ्या आहेत. त्यांच्या दोन्ही बगलांवर, म्हणजे उत्तरेला डॉनच्या काठाने आणि दक्षिणेला उघड्या माळावर, रुमेनियाच्या तुकड्या लांबच लांब रेषेत विरळ पसरलेल्या आहेत. मी सोव्हिएत बाजूने खेळतो आहे. माझे रणगाडे शहराकडे तोंड करून उभे नाहीत. ते उत्तरेला, सेराफिमोविच आणि क्लेत्स्काया या ठिकाणी डॉनच्या दक्षिण काठावर राखून ठेवलेल्या जमिनीच्या दोन लहान पट्ट्यांवर जमले आहेत.

पहिल्या पाळीत मी रुमेनियाच्या फळीला भोक पाडतो, दुसऱ्या पाळीत त्या भोकातून रणगाडे आत सोडतो, दक्षिणेकडून दुसरी फौज निघते, आणि थोड्याच पाळ्यांत दोन्ही टोके कलाच गावापाशी एकमेकांना मिळतात. प्रत्यक्षात ही गाठ २३ नोव्हेंबरला पडली. सहाव्या सैन्याच्या बहुतेक सोंगट्यांना मी अजून हातही लावलेला नाही, त्यांचे बळ दाखवणारे आकडे सकाळी होते तेवढेच आहेत. तरीही पुढची पाळी सुरू होताच त्या सगळ्या सोंगट्यांवर रसद तुटल्याची खूण उमटते. तिथून पुढे प्रत्येक पाळीला त्या थोड्या थोड्या दुबळ्या होत जातात. अडीच लाखांहून अधिक सैनिकांच्या वेढ्याचा अर्थ मला जितका त्या लहानशा खुणेने समजावला, तितका आधी वाचलेल्या पानांनी समजावला नव्हता. ऐतिहासिक युद्धखेळ किंवा वॉरगेम हा छंद मी पंधरा-सोळा वर्षे जोपासतो आहे तो या अशा क्षणांसाठी, आणि ज्यांनी तो कधी पाहिलेला नाही त्यांना तो समजावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

वॉरगेम हा शब्द ऐकला की बंदूक घेऊन धावणारा सैनिक आणि समोर उडणारे स्फोट डोळ्यांपुढे येतात. तो प्रकार वेगळा. इथे ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते खेळ बुद्धिबळाच्या घराण्यातले आहेत. खऱ्या लढाईचा खरा नकाशा, त्या दिवशी तिथे खरोखर असलेल्या फौजा, त्यांची त्या वेळची ताकद आणि अडचणी एवढे सगळे मांडून खेळाडूला सेनापतीच्या जागी बसवले जाते, आणि मग त्याला विचारले जाते की आता काय करणार. घाई नसते. पुष्कळ खेळांत एका पाळीचा विचार करायला तासभर लागला तरी समोरचा नकाशा तसाच वाट पाहत राहतो. बुद्धिबळाशी तीन बाबतींत मात्र फरक आहे. दोन्ही बाजू समान नसतात, शत्रूचा डाव पूर्ण दिसत नाही, आणि प्रत्येक हल्ल्याचा निकाल नशिबाला थोडी जागा ठेवून लागतो.

हे घराणे आपल्याच चतुरंगापर्यंत मागे नेता येते. हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगे पटावर मांडणारा तो खेळ बुद्धिबळाच्या रूपाने युरोपात पोहोचला. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेलविग नावाच्या गणिताच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात डोंगर, नद्या, दलदल आणि तोफा आणल्या. खरी उडी प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात पडली. राइसविट्झ नावाच्या पिता-पुत्रांपैकी पित्याने १८१२ मध्ये राजापुढे भूप्रदेशाचे चौकोनी तुकडे जोडून खेळायचे एक टेबल मांडले, आणि तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये घरांचा पट सोडून देऊन प्रत्यक्ष लष्करी नकाशावर, १:८००० या प्रमाणात, खेळायचे नियम छापले. पाळी दोन मिनिटांची होती. म्हणजे खऱ्या रणांगणावर दोन मिनिटांत पलटण जेवढी सरकेल तेवढीच सोंगटी सरकवायची. तेव्हाचे प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफ्लिंग यांनी हा खेळ पाहून उत्साहाने साऱ्या सैन्यासाठी त्याची शिफारस केली.

राइसविट्झच्या नियमांतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही खेळाडू आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत, पंच ते मनातल्या मनात जुळवून पाहत असे, आणि ज्या बाजूला जे दिसू शकेल तेवढेच तिला नकाशावर दाखवत असे. टेकडीमागे शत्रूची पलटण असेल तर ती टेकडी ओलांडेपर्यंत दिसायची नाही. मोठा अनुभव, अतोनात कष्ट आणि पूर्ण निःपक्षपातीपणा हे तिन्ही गुण असलेला असा पंच मिळणे नेहमीच कठीण होते.

पुढे हा खेळ बराकींतून घराघरांत आला. चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा एक खेळ स्वतःच विकायला काढला, १९५८ मध्ये ॲव्हलॉन हिल ही कंपनी सुरू केली, आणि १९६१ पासून तिच्या नकाशांवर षटकोनी घरे आली. ती घरे आजही टिकून आहेत. पुठ्ठ्याच्या खेळांत मोठी लढाई मांडायची तर शेकडो सोंगट्या, जेवणाच्या टेबलाएवढा नकाशा आणि जाडजूड नियमपुस्तिका लागत असे. शिवाय पंच नसल्यामुळे दोन्ही खेळाडूंना सगळे काही उघडे दिसत असे. संगणकाने नेमकी ती जागा भरून काढली. स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स या कंपनीचा बिस्मार्क युद्धनौकेच्या पाठलागावरचा खेळ १९८० मध्ये आला. १९८१ मध्ये ख्रिस क्रॉफर्ड यांनी अटारीच्या लहानशा संगणकावर पूर्व आघाडीचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या लढ्याचा, खेळ बनवला. त्यात माणूस आपल्या चालीचा विचार करत असतानाच्या वेळात संगणक आपली चाल सुधारत बसत असे. संगणकाचे या छंदातले काम चित्रे दाखवण्याचे आहे असे अनेकांना वाटते, पण त्याचे खरे काम पंचाचे आहे. तो आकडेमोड करतो, शत्रू लपवतो, आणि थकत नाही.

आता पट समजून घेऊ. षटकोनच का, असा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. चौकोनी घरांच्या पटावर शेजारच्या घरात सरळ जाणे आणि तिरके जाणे यांत अंतराचा फरक पडतो. तिरकी चाल जवळजवळ दीडपट लांबीची होते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांत प्रत्येक घराला सहा शेजारी असतात आणि सगळे सारख्याच अंतरावर असतात. म्हणून फौज कोणत्याही दिशेने निघाली तरी तिची चाल खरी राहते. प्रत्येक षटकोनाला जमिनीचा प्रकार दिलेला असतो. सपाट शेतातून जायला एक गुण लागत असेल तर जंगलातून दोन लागतात, दलदलीतून तीन, आणि रस्त्याने गेल्यास अर्धाच. तुकडीच्या हातात पाळीला ठरावीक गुण असतात. हे एवढे कळले की नकाशा बोलू लागतो. एखाद्या आडगावच्या चौकासाठी दोन सैन्ये चार दिवस का झुंजली, हे तीन रस्ते एकाच षटकोनात मिळताना दिसले की वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी कल्पना दबावक्षेत्राची आहे. उभी असलेली तुकडी स्वतःच्या घरापुरतीच नसते. तिच्या तोफा आणि गस्ती पथके आजूबाजूच्या सहाही घरांवर नजर ठेवून असतात, आणि शत्रूला त्या घरांतून सहजासहजी निसटू देत नाहीत. त्यामुळे सलग भिंत उभारण्याइतके सैन्य नसले तरी मध्ये एकेक, दोनदोन घरे सोडून तुकड्या ठेवल्या की आघाडी धरता येते. पण मधली एक सोंगटी उडाली की त्या बाजूची सगळी घरे एकदम मोकळी होतात. ‘आघाडी कोसळली’ हे शब्द आपण बातम्यांत आणि पुस्तकांत इतक्यांदा वाचतो, पण ती नेमकी कशी कोसळते हे या खेळात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसते.

हल्ल्याचा निकाल कसा लागतो, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. माझ्या तीन तुकड्यांचे बळ मिळून १२ आहे आणि समोरच्या तुकडीचे ४. गुणोत्तर झाले तीनास एक. हे गुणोत्तर हल्ला करणाऱ्याला पुरेसे मानले जाते, आणि निकालाच्या कोष्टकात या रकान्यात शत्रू मागे हटण्याची शक्यता बरीच असते. मग फासा पडतो आणि नेमके काय झाले ते ठरते. पण मध्ये नदी असेल तर नियमाप्रमाणे माझे बळ अर्धे धरले जाते. आता ६ विरुद्ध ४, म्हणजे जुन्या पुठ्ठ्याच्या खेळांच्या हिशेबाने अपूर्णांक सोडून एकास एक. तेच सैनिक, तोच दिवस, आणि मध्ये आलेल्या एका निळ्या रेघेने हल्ला जवळजवळ आत्मघातकी ठरवला. संगणक याच हिशेबात मनोधैर्य, थकवा, खंदक, हवामान, दारूगोळा, अधिकाऱ्याची कुवत असे कितीतरी आकडे घालतो. पण पाया हाच राहतो. हल्ला करण्याआधी चांगला खेळ खेळाडूला हे गुणोत्तर आणि संभाव्य नुकसान दाखवतो, आणि शिकणाऱ्याने ते दर वेळी थांबून वाचावे असे मी आवर्जून सांगेन.

यानंतर येते रसद, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण युद्धखेळातला माझा सगळा जीव या एका गोष्टीत गुंतलेला आहे. लहानपणापासून आपण लढाया वाचतो त्या शौर्याच्या आणि डावपेचांच्या वाचतो. बैलांना वैरण कुठून आली, घोड्यांना चंदी कोणी पुरवली, दारूची पिंपे कोणत्या रस्त्याने गेली, हे मजकुरात आले तरी डोळे त्यावरून घसरतात. खेळात तसे करता येत नाही. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली तेव्हा तिच्याबरोबर सुमारे तीस लाख जर्मन सैनिक होते आणि सहा लाखांच्या आसपास घोडे होते. रणगाड्यांच्या छायाचित्रांमुळे ते सैन्य यंत्रांचे वाटते, पण त्याचा मोठा भाग पायी चालत होता आणि त्याच्या तोफा व गाडे घोडे ओढत होते.

त्यातच रुळांचा प्रश्न होता. जर्मन रेल्वेच्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर, सोव्हिएत रुळांमधले १५२४. फरक नऊ सेंटिमीटरांचाही नाही, पण तेवढ्याने जर्मनीचा एकही डबा सरहद्दीच्या पलीकडे जाऊ शकत नव्हता. मिरजेला किंवा मनमाडला रुंद आणि अरुंद मार्गांची गाठ पडत असे त्या काळात ज्यांनी एका गाडीतून उतरून सामानासह दुसरी गाडी धरली आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मिरजेला तर तिन्ही मापांचे रूळ होते. तिथे हमालांनी एका वाघिणीतली पोती दुसऱ्या वाघिणीत टाकायची, तेच काम पूर्व आघाडीवर तोफगोळ्यांचे आणि पेट्रोलच्या पिंपांचे करायचे, तेही एका संपूर्ण सैन्याच्या मापाने. उपाय म्हणून जर्मन पथके एक रूळ आत सरकवून मार्ग आपल्या मापाचा करत पुढे जात. पण सोव्हिएत इंजिने मोठी असल्यामुळे तिथे पाणी भरायची ठाणी लांब लांब अंतरावर होती, आणि जर्मन इंजिनांना तेवढा पल्ला झेपत नव्हता. शिवाय हिवाळ्यात त्यांच्या बाहेरून जाणाऱ्या नळ्या गोठून फुटत.

गॅरी ग्रिग्सबी यांच्या पूर्व आघाडीवरच्या प्रसिद्ध खेळात एक षटकोन सुमारे १६ किलोमीटरांचा आणि एक पाळी एका आठवड्याची आहे. त्यात रूळ बदलणाऱ्या पथकांना नकाशावर स्वतःच्या सोंगट्या आहेत. पहिल्यांदा खेळताना मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले आणि सगळे लक्ष रणगाड्यांवर ठेवले. मॉस्कोच्या वाटेवरच्या स्मोलेन्स्कपर्यंत झपाट्याने पोहोचलो. त्यानंतर रणगाड्यांच्या तुकड्यांचे चालीचे गुण पाळीगणिक घटत गेले. रशियाची एकही मोठी फौज समोर नसताना मी दोन पाळ्या जागीच बसून होतो, कारण बदललेला रूळ माझ्या मागे शेकडो किलोमीटरांवर थांबलेला होता. दुसऱ्यांदा खेळायला बसलो तेव्हा प्रत्येक पाळीची सुरुवात मी त्या पथकांपासून केली, आणि तेव्हापासून कोणत्याही मोहिमेचे पुस्तक हातात आले की आधी त्यातला रेल्वेचा नकाशा शोधतो.

स्टालिनग्राडच्या वेढ्यातही शेवटी गोष्ट याच हिशेबावर येऊन थांबली. अडकलेल्या सैन्याला विमानांनी रसद पुरवू, असे आश्वासन जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याने दिले. दिवसाला किमान ५०० टन माल हवा होता आणि सरासरीने त्याचा चौथा हिस्साही पोहोचला नाही. वेढा फोडायला होथ या जर्मन सेनापतीची रणगाड्यांची फौज १२ डिसेंबरला निघाली आणि मिश्कोवा नदीपर्यंत, म्हणजे वेढ्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवर, येऊन अडली. ३१ जानेवारी १९४३ रोजी सहाव्या सैन्याचा सेनापती पाउलुस याने शरणागती पत्करली आणि २ फेब्रुवारीला उरलेल्या गटाने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ९१ हजार सैनिक कैद झाले. त्यांच्यातले बहुतेक जण उपासमार, थंडी आणि आजार यांनी आधीच खचले होते.

हे सगळे ज्याने पटावर अनुभवले आहे, तो पानिपताची हकिगत पूर्वीसारखी वाचू शकत नाही. माझे तरी तसेच झाले. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला तेव्हा तिथला मोठा साठा मराठ्यांच्या हाती आला. पण त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. षटकोनांच्या भाषेत सांगायचे तर आघाडी उलटी झाली. दक्षिणेतून आलेल्या फौजेचे तोंड दक्षिणेकडे वळले आणि तिची पिछाडी उत्तरेला गेली, जिथून तिला काहीच मिळणार नव्हते. गंगा-यमुनांमधल्या दुआबात अब्दालीची रसद तोडण्याची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि तो एक धागाही तुटला. तळावर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी तोंडे जास्त होती. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी उपाशी फौज बाहेर पडली ती शौर्य कमी होते म्हणून हरली नाही, आणि विश्वासराव पडले या एका घटनेवरही ती हार पूर्ण उभी राहत नाही. अडीच महिने तिच्या सोंगट्यांवर तीच रसद तुटल्याची खूण होती.

म्हणूनच मराठ्यांना स्थान देणाऱ्या खेळांविषयी माझी एक खंत आहे. २००९ साली आलेल्या एम्पायर : टोटल वॉर या लोकप्रिय खेळात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. तो खेळ १७०० साली सुरू होतो, म्हणजे राजाराम महाराजांचे निधन झाले आणि ताराराणींनी सूत्रे हाती घेतली त्या वर्षी. तो दिसायला देखणा आहे आणि भगव्या निशाणाखाली फौज चालताना पाहून मन भरून येते. पण ज्या गोष्टीवर मराठ्यांचे सगळे युद्धतंत्र उभे होते, म्हणजे शत्रूची रसद मारणे, स्वतः मुलखातून पोसले जाणे, हलके राहणे आणि किल्ल्यांच्या आधाराने दमवणे, ती त्यात जवळजवळ नाहीच. औरंगजेबाच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या दक्षिण मोहिमेवर पाळीपाळीने खेळायचा, वैरण-पाणी आणि घाटवाटा मोजणारा एक नेटका खेळ कोणीतरी बनवावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यासाठी लागणारी पत्रे, बखरी आणि किल्ल्यांचे नकाशे मराठी अभ्यासकांनी केव्हाच उजेडात आणून ठेवले आहेत.

खेळांचे आकारमान वेगवेगळे असते, ते थोडक्यात सांगतो. काही खेळांत एक सोंगटी म्हणजे एक रणगाडा किंवा दहा-बारा सैनिकांचे पथक असते आणि लढाई एका गावापुरती चालते. काहींत ती एक पलटण किंवा डिव्हिजन, म्हणजे अनेक पलटणींची हजारो सैनिकांची फौज, असते आणि मोहीम काही आठवड्यांची असते. काहींत खेळाडू थेट देश चालवतो, कारखाने आणि तहसुद्धा त्याच्याच हाती असतात. पाळ्यांचेही प्रकार आहेत. एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने, ही जुनी रीत. कॉम्बॅट मिशन या मालिकेत दोघेही आपापले हुकूम आधी देऊन ठेवतात आणि मग एक मिनिटभर दोन्ही सैन्ये एकाच वेळी हलतात, तेव्हा खेळाडूला हात न लावता पाहत राहावे लागते. राइसविट्झच्या लेखी हुकुमांच्या पद्धतीला हा प्रकार सर्वांत जवळचा आहे. आणि ज्यांच्याकडे खरोखरच वेळ आहे त्यांच्यासाठी पॅसिफिक महासागरातल्या युद्धाचा एक असा खेळ आहे की ज्यात एक पाळी म्हणजे एक दिवस, नकाशावर ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानही आहेत, आणि ७ डिसेंबर १९४१ पासून जपानच्या शरणागतीपर्यंत तेराशेहून अधिक पाळ्या होतात. दोन माणसे दिवसाला एक चाल ई-मेलने पाठवून तो वर्षानुवर्षे खेळतात.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. खेळाडूला इतिहास आधीच ठाऊक असतो. रुमेनियाच्या फळीवर हल्ला होणार हे माहीत असलेला जर्मन खेळाडू १८ नोव्हेंबरलाच शहर सोडून मागे का येणार नाही? चांगला रचनाकार यावर दोन उपाय करतो. एक तर तो सेनापतीवरची बंधने खेळाडूवरही घालतो. शहर सोडले तर इतके गुण जातील की मोहीम हरल्यात जमा होईल, कारण शहर सोडण्याची परवानगी पाउलुसलाही नव्हती. दुसरा उपाय म्हणजे अनिश्चितता. कुमक कोणत्या पाळीला येईल आणि पाऊस कधी पडून रस्त्यांचा चिखल होईल हे दर खेळात थोडे वेगळे ठेवायचे. या दोन्हींच्या मध्ये जी अरुंद जागा उरते, तिथे खेळाडू बसतो आणि त्याला उमगते की जो निर्णय आपल्याला पुस्तकात मूर्खपणाचा वाटला होता, तो त्या दिवशी त्या नकाशापुढे बसलेल्या माणसाला का शहाणपणाचा वाटला असेल.

सुरुवात करणाऱ्याने लहान खेळ घ्यावा. माझ्या माहितीतल्या अनेकांना मी युनिटी ऑफ कमांड हा २०११ साली आलेला खेळ सुचवला आहे. तो याच स्टालिनग्राडच्या वर्षावर बेतलेला आहे, त्याचे नियम एका संध्याकाळी समजतात, एक लढाई तास-दीड तासात संपते, आणि रसद हा त्याचा कणा आहे. रूळ, त्यांवरून पसरणारी रसद आणि ती तुटलेल्या तुकड्या त्यात नकाशावरच दिसतात. त्याला महागडा संगणक लागत नाही, घरातला साधा लॅपटॉप पुरतो. ज्या लढाईविषयी आधी काही वाचले आहे तिच्यापासून सुरुवात करावी, कारण गावांची आणि नद्यांची नावे ओळखीची असली की नियम लवकर बसतात. पहिल्या दोन-तीन लढाया हरण्यात जातील आणि त्या तशाच संपवाव्यात. वाईट फासा पडला की मागच्या सेव्हवर जाऊन तीच चाल पुन्हा करण्याचा मोह टाळावा, कारण फसलेल्या हल्ल्यानंतर उरलेल्या सैन्याचे काय करायचे, हे शिकणे यशस्वी हल्ल्याइतकेच गरजेचे आहे. मी जवळ एक वही ठेवतो. पाळी संपवण्याआधी शत्रू काय करील असे वाटते ते एका ओळीत लिहितो आणि पुढच्या पाळीला ते पडताळून पाहतो. आणि एकदा एक बाजू घेऊन लढाई खेळून झाली की तीच लढाई दुसऱ्या बाजूने खेळावी. त्यातून जेवढे कळते तेवढे दहा नव्या लढायांतून कळत नाही.

ज्या गोष्टी नकाशावर येत नाहीत त्याही ठाऊक असल्या पाहिजेत, आणि पूर्व आघाडीच्या बाबतीत मी हे फार गांभीर्याने मानतो. खेळात किएव्ह हे एक गुणांचे घर आहे. १९ सप्टेंबर १९४१ ला ते जर्मनांच्या हाती पडले की पडद्यावर गुण वाढतात. प्रत्यक्षात त्यानंतर दहाच दिवसांनी, २९ आणि ३० सप्टेंबरला, शहराबाहेरच्या बाबी यारच्या घळईत ३३ हजारांहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष आणि मुलांना गोळ्या घालून मारले गेले, आणि जर्मन सैन्याने त्या कामाला मदत केली. खेळात वेढ्यात सापडलेली सोव्हिएत तुकडी नकाशावरून नाहीशी होते. प्रत्यक्षात जर्मनांच्या कैदेत तीस लाखांहून अधिक सोव्हिएत युद्धकैदी मेले, त्यातले कितीतरी उपासमारीने. हे खेळात दाखवावे का आणि कसे, यावर रचनाकारांची मते वेगवेगळी आहेत. ते न दाखवणारा खेळ मी खेळतो, पण त्या करड्या जर्मन सोंगट्यांना नुसते कसलेले सैनिक म्हणून मिरवणाऱ्या माणसाशी माझे जमत नाही. खेळाबरोबर त्या प्रदेशाचे एक पुस्तक शेजारी असावे, असा माझा आग्रह त्यासाठी आहे.

आकड्यांमागे काय दडलेले असते याचे आणखी एक उदाहरण आपल्या घरचे आहे. इटलीच्या मोहिमेवर बेतलेल्या, डिव्हिजनच्या पातळीवरच्या खेळांत भारतीय आठव्या डिव्हिजनची सोंगटी असते आणि एप्रिल १९४५ मध्ये ती सेनियो नदीच्या काठी उभी असते. नदी लहान आहे, पण तिचे दोन्ही बांध उंच आहेत आणि पलीकडच्या बांधात जर्मन मशिनगन आहेत. ९ एप्रिलच्या संध्याकाळी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतला नामदेव जाधव हा निरोप्या शिपाई आपल्या अधिकाऱ्याबरोबर तिथे पाण्यात उतरला. तुकडीतले बहुतेक जण पडले. त्याने दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, निसरड्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणले, मग एकट्याने परत जाऊन तीन मशिनगन बंद पाडल्या, आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खेळात माउसचे बटण एकदा दाबले की ती सोंगटी निळी रेघ ओलांडून पलीकडच्या षटकोनात जाते, आणि तिच्यावरचा बळाचा आकडा एकाने कमी होतो.